पिकांच्या प्रतिकारशक्तीचा शोध घेणारे निकोलाय वाविलोव

गव्हावर तांबेरा पडला की पानांवर आणि खोडावर विटकरी रंगाची पूड दिसू लागते. बोट फिरवले तर ती बोटाला लागते. ही पूड म्हणजे बुरशीचे लाखो बीजाणू. वारा त्यांना एका शेतातून दुसऱ्या शेतात आणि कधी कधी शेकडो किलोमीटर दूर घेऊन जातो. दाणा भरण्याच्या वेळी रोग वाढला तर दाण्याकडे जायचे अन्न बुरशीच खाते आणि मळणीच्या वेळी सुरकुतलेले, हलके दाणे हाती येतात. पण याच शेताच्या बांधापलीकडे दुसऱ्या वाणाचा गहू मात्र हिरवागार उभा असतो. हवा तीच, पाणी तेच, वाऱ्यावर आलेले बीजाणूही तेच. मग एकाला रोग का होतो आणि दुसऱ्याला का होत नाही?

माणसांच्या साथीत डॉक्टरांना पडणारा हा प्रश्न पिकांच्या बाबतीत ज्यांनी आयुष्याचा विषय केला, ते रशियन शास्त्रज्ञ म्हणजे निकोलाय इव्हानोविच वाविलोव. जगभर फिरून बियाण्यांचा प्रचंड संग्रह उभा करणारे आणि अखेर स्टालिनच्या तुरुंगात उपासमारीने गेलेले शास्त्रज्ञ म्हणून ते जगाला माहीत आहेत. मात्र त्यांच्या संशोधनाची सुरुवात गहू, ओट आणि बार्ली यांच्या बुरशीजन्य रोगांपासून झाली होती. बियाणे गोळा करण्यामागचे एक मोठे कारणही तेच होते.

दुष्काळाच्या देशातला विद्यार्थी

वाविलोव यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को येथे झाला. वडील मूळचे खेड्यातले. शेतकरी घरातून मॉस्कोत येऊन कापडाच्या धंद्यात त्यांनी जम बसवला होता. निकोलाय यांचे धाकटे भाऊ सर्गेई पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ झाले आणि सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. घरची परिस्थिती चांगली होती, पण देशाची नव्हती. निकोलाय चार वर्षांचे असताना, १८९१-९२ मध्ये, रशियात मोठा दुष्काळ पडला आणि लाखो माणसे भूक व कॉलऱ्याने दगावली. पीक हातचे गेले की गावेच्या गावे उठतात, हे त्या पिढीने जवळून पाहिले होते.

वडिलांची इच्छा मुलाने व्यापार करावा अशी होती. मुलाने १९०६ मध्ये मॉस्कोच्या कृषी संस्थेत प्रवेश घेतला. पदवीसाठी त्यांनी मॉस्को परिसरातील पिके खाणाऱ्या, शंख नसलेल्या गोगलगायींचा अभ्यास केला. त्यानंतर मात्र त्यांचे लक्ष बुरशीकडे वळले. १९११-१२ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला गेले. तिथे रॉबर्ट रेगेल यांच्याकडे पिकांच्या वाणांचा आणि आर्थर याचेव्स्की यांच्याकडे बुरशींचा अभ्यास त्यांनी केला. एकीकडे रोगी आणि दुसरीकडे रोगजंतू, अशा दोन्ही बाजू शिकून घेतलेला हा तरुण होता.

त्यांची कामाची पद्धत साधी पण चिकाटीची होती. शेकडो वाण शेजारी शेजारी पेरायचे, त्यांच्यावर तांबेरा आणि भुरी येऊ द्यायची आणि प्रत्येक वाणावर रोग किती चढला याची नोंद ठेवायची. वर्षामागून वर्षे हेच करायचे. अशा नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट होत गेली. रोगाला बळी पडणे किंवा न पडणे हा योगायोग नव्हता. जे वाण एका वर्षी टिकत, ते पुढच्या वर्षीही टिकत.

केंब्रिजमधले धडे

१९१३ मध्ये वाविलोव इंग्लंडला गेले. आनुवंशशास्त्राचे जाणकार विल्यम बेटसन यांच्याकडे आणि केंब्रिजला रोलंड बिफेन यांच्याकडे त्यांनी काम केले. बिफेन यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले होते की गव्हाची पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धची प्रतिकारशक्ती मेंडेलच्या नियमांप्रमाणे पुढच्या पिढीत उतरते. वाटाण्याचा रंग जसा आईबापांकडून येतो, तशीच रोगाला तोंड देण्याची ताकदही येते. म्हणजेच योग्य संकर केला तर ती एका वाणातून दुसऱ्या वाणात नेता येते. बिफेन यांनी याच मार्गाने तांबेऱ्याला टिकणारा गहू शेतकऱ्यांना दिला.

केंब्रिजमध्येच हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १९०२ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली होती. एका गवतावर तांबेऱ्याचे बीजाणू टाकून त्यांनी पानांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रोगाला बळी पडणाऱ्या पानात बुरशी पेशींमध्ये शिरून मजेत वाढत होती. प्रतिकार करणाऱ्या पानातही बुरशी शिरत होती, पण ती शिरली त्या जागेच्या आसपासच्या पेशी झपाट्याने मरत होत्या आणि त्यांच्याबरोबर बुरशीही थांबत होती. अमेरिकेत एल्विन स्टॅकमन यांनी १९१५ मध्ये या घटनेला अतिसंवेदनशीलता हे नाव दिले.

पेशी मेल्यामुळे रोप वाचते, हे ऐकायला विचित्र वाटते. पण तांबेऱ्याचा स्वभाव पाहिला की उलगडा होतो. बीजाणू पानावर ओलाव्यात रुजतो, त्याला बारीक तंतू फुटतो आणि तो पानाच्या श्वासरंध्रातून आत शिरतो. आत गेल्यावर बुरशी पेशीच्या भिंतीला छिद्र पाडते आणि आत एक बोंडासारखा अवयव घुसवते. त्याला हॉस्टोरियम म्हणतात. हा अवयव पेशीचे आवरण फाडत नाही, आत ढकलतो. पेशी जिवंत राहते आणि तिच्यातली साखर व इतर अन्न बुरशी हळूहळू ओढत राहते. तांबेरा आणि भुरी या दोन्ही बुरशी अशा जिवंत पेशीवरच जगतात. पेशी वेळेत मेली तर बुरशीचे ताटच उलटते. पानावर टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका राहतो आणि रोप पुढे वाढत राहते.

भुरी न येणारा गहू

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि वाविलोव मायदेशी परतले. त्याच वर्षी, १९१४ मध्ये, त्यांचा एक महत्त्वाचा लेख इंग्रजी आनुवंशशास्त्राच्या नियतकालिकात आला. त्यांच्या संग्रहातील गव्हाच्या एका नमुन्यावर भुरी येतच नव्हती. बाकीच्या गव्हांवर पिठासारखा पांढरा थर चढला तरी हा स्वच्छ राहत असे. हा नमुना पर्शियन गहू या नावाने आला होता. साध्या गव्हाशी त्याचा संकर केला तर होणारी रोपे बहुतांशी वांझ निघत. दिसायला तो साध्या गव्हासारखा होता, पण रोगाने आणि संकराने त्याचे वेगळेपण उघड केले. ही गव्हाची वेगळीच जात आहे, असा निष्कर्ष वाविलोव यांनी काढला. पुढे या गव्हाचे खरे माहेर इराण नसून जॉर्जिया आणि आसपासचा कॉकेशस प्रदेश असल्याचे समजले.

यातून त्यांना एक सूत्र सापडले. रोगाची परीक्षा ही वाणांचे नातेसंबंध ओळखण्याची खूण ठरू शकते. गव्हाचे मोठे गट पाहिले तर एकदाणी गहू, म्हणजे आइनकॉर्न, तांबेऱ्याला सहसा बळी पडत नाही. त्याच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात. २८ गुणसूत्रांच्या गटातल्या, म्हणजे बन्सी आणि खपली यांच्या नातलगांतल्या, अनेक वाणांत चांगली प्रतिकारशक्ती आढळते. पोळी-पावाचा ४२ गुणसूत्रांचा साधा गहू मात्र बहुतेक रोगांना सहज बळी पडतो. जो गहू जगभर सर्वाधिक पेरला जातो तोच सर्वांत नाजूक, आणि त्याच्या जुन्या, कमी उत्पन्नाच्या भाऊबंदांकडे ताकद साठलेली. हा विरोधाभास वाविलोव यांना पुढे आयुष्यभर फिरवत राहिला.

सैनिकांची भाकरी

१९१६ मध्ये रशियन सैन्य उत्तर इराणमध्ये होते. तिथल्या पिठाची भाकरी खाऊन सैनिकांना चक्कर येई, तोल जाई, दारू प्याल्यासारखी अवस्था होई. कारण शोधण्यासाठी वाविलोव यांना पाठवले गेले. स्थानिक गव्हात एका तणाचे बी मोठ्या प्रमाणात मिसळलेले त्यांना आढळले. रायघासाच्या जातीतले हे तण गव्हासारखेच दिसते आणि त्याच्या दाण्याच्या आत एक बुरशी वाढते. तिच्यामुळे दाणा विषारी होतो. धान्यावरच्या बुरशीने माणसांना झालेली विषबाधा वैद्यकाला नवी नव्हती. राय आणि बाजरीवरच्या अर्गटने युरोपात आणि भारतातही लोक आजारी पडले आहेत. पिकाचा रोग आणि माणसाचा आजार यांतले अंतर किती कमी असते, हे वाविलोव यांनी तिथे पाहिले. सैनिकांचा प्रश्न सुटला आणि त्या निमित्ताने त्यांनी इराण व पामीरच्या डोंगरांत पिकांचे नमुनेही गोळा केले. ही त्यांची पहिली मोठी शोधयात्रा होती.

मेचनिकोव यांना अर्पण केलेले पुस्तक

१९१७ मध्ये वाविलोव व्होल्गा नदीकाठच्या सारातोव्ह शहरात प्राध्यापक झाले. क्रांती, यादवी युद्ध आणि अन्नटंचाई या धामधुमीत त्यांनी १९१९ मध्ये संसर्गजन्य रोगांविरुद्ध वनस्पतींची प्रतिकारशक्ती या विषयावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते त्यांनी इल्या मेचनिकोव यांच्या स्मृतीला अर्पण केले. शरीरातल्या काही पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे मेचनिकोव यांनी दाखवले होते. त्याबद्दल त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

वाविलोव यांच्या समोरचा पेच असा होता. वनस्पतीला रक्त नाही. जंतूंच्या मागे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. प्रतिपिंडेही नाहीत. प्रत्येक पेशी आपल्या भिंतींच्या आत जागच्या जागी बसलेली असते. मग तिला रोगापासून वाचवते कोण? त्या काळी अनेकांचे मत होते की पानाचे जाड आवरण, त्यावरचा मेणाचा थर, लव, श्वासरंध्रांची ठेवण यांमुळे रोपाचे रक्षण होते. वाविलोव यांनी या यांत्रिक अडथळ्यांचा विचार केला आणि ते पुरेसे नाहीत असे ठरवले. पातळ पानांचा एखादा वाण टिकतो आणि जाड पानांचा बळी पडतो, हे त्यांनी पाहिले होते. खरी प्रतिकारशक्ती सक्रिय असते, ती जिवंत पेशीच्या प्रतिक्रियेत असते आणि ती प्रतिक्रिया जन्मतःच मिळालेली असते, असे त्यांनी मांडले. म्हणजे वनस्पतीत प्रत्येक पेशीलाच स्वतःचा पहारेकरी व्हावे लागते.

या मताचा व्यवहारातला अर्थ मोठा होता. माणसाला लस टोचून रोगाची ओळख करून देता येते. गव्हाला तसे करता येत नाही. शेतकऱ्याला भरवसा ठेवता येईल अशी ताकद बियाण्यातच असावी लागते. एखाद्या वाणात ती नसेल तर ती दुसऱ्या वाणातून, दुसऱ्या जातीतून किंवा रानटी नातलगातून आणावी लागते. त्यासाठी आधी ते नातलग शोधले पाहिजेत आणि जपले पाहिजेत.

बियाण्यांच्या मागे पाच खंड

१९२१ मध्ये वाविलोव पेत्रोग्राड येथे आले आणि रेगेल यांच्या निधनानंतर रिकाम्या झालेल्या पदावर बसले. त्याच सुमारास व्होल्गा खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. त्यात सुमारे ५० लाख माणसे मेली. भुकेविरुद्धचा लढा हे त्यांच्यासाठी पुस्तकी वाक्य राहिले नव्हते.

त्यानंतरच्या काळात ते आणि त्यांचे सहकारी जगभर फिरले. १९२४ मध्ये अफगाणिस्तान, १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि इथिओपिया, १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान आणि कोरिया, १९३० च्या दशकात उत्तर व दक्षिण अमेरिका. ज्या भागात एखाद्या पिकाचे सर्वाधिक प्रकार आढळतात तो भाग त्या पिकाचे माहेर असावा, हा विचार त्यांनी १९२६ मध्ये मांडला. भारतही अशा माहेरांपैकी एक होता. भात, आंबा, वांगे यांचा उगम त्यांनी या प्रदेशाशी जोडला. शिवाय पीक आणि त्याची बुरशी जिथे हजारो वर्षे एकत्र नांदली, तिथेच रोगाला तोंड देणारी रोपे निसर्गाने निवडून ठेवलेली असतात. म्हणून प्रतिकारशक्ती शोधायला माहेरी जावे, हे त्यांच्या शिकवणीचे सार होते.

पुढे ते खरे ठरले. इथिओपियाच्या डोंगरातल्या बार्लीत वाविलोव यांना विलक्षण विविधता दिसली होती. त्याच देशाच्या जुन्या बार्लीत नंतरच्या संशोधकांना भुरीविरुद्ध दीर्घकाळ टिकणारा गुण सापडला. त्या बार्लीत बुरशी पेशीत शिरू पाहते तेव्हा पेशी आतल्या बाजूने त्या जागी घट्ट पदार्थांचा गोळा चढवते. भिंतीला भोक पडण्याआधीच आतून गिलावा केल्यासारखे हे काम. युरोपातील बार्ली आजही या गुणावर मोठ्या प्रमाणात विसंबून आहे.

महाराष्ट्राचेही या विषयाशी एक नाते आहे. १९२२ मध्ये स्टॅकमन आणि मोझेस लेव्हिन यांनी तांबेऱ्याच्या निरनिराळ्या प्रकारांची ओळख पटवण्यासाठी १२ गव्हांचा संच ठरवला. त्यातल्या एकाचे नाव होते खपली. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात जो खपली गहू खिरीसाठी आणि पुरणपोळीसाठी राखला जातो, त्याच्या भारतातून गेलेल्या वाणात काळ्या तांबेऱ्याला थोपवणारी जनुके होती. पुढे ती जनुके ओळखून संकरासाठी वापरली गेली.

१९४० पर्यंत वाविलोव यांच्या लेनिनग्राड येथील संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले. त्या काळी जगात एवढा मोठा संग्रह दुसरीकडे नव्हता.

घाईचे विज्ञान

१९३० च्या दशकात सोव्हिएत शेती संकटात होती. सक्तीच्या सामूहिकीकरणाने गावे उद्ध्वस्त झाली आणि १९३२-३३ मध्ये पुन्हा मोठा दुष्काळ आला. सरकारला नवे वाण चार-पाच वर्षांत हवे होते. वाविलोव यांना माहीत होते की संकर करून, पिढ्या तपासून, रोगाची परीक्षा घेऊन चांगला वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात.

याच वेळी त्रोफिम लायसेन्को पुढे आले. पेरणीआधी बियाणे भिजवून थंडीत ठेवले की पीक लवकर येते, या जुन्या माहितीवर त्यांनी मोठमोठी आश्वासने उभी केली. सुरुवातीला वाविलोव यांनीच या तरुणाला प्रोत्साहन दिले होते. नंतर लायसेन्को जनुकांचे अस्तित्वच नाकारू लागले. योग्य वातावरणात वाढवले की रोपाचा स्वभाव बदलतो आणि तो बदल बियाण्यात उतरतो, असे ते म्हणत. स्टालिनला हे पटले, कारण त्यात वाट पाहावी लागत नव्हती.

वादाचा मुद्दा केवळ तात्त्विक नव्हता. प्रतिकारशक्ती जनुकांत असेल तर जुनी बियाणी जपणे आवश्यक होते. ती वातावरणाने घडत असेल तर अडीच लाख नमुने सांभाळणारी संस्था हा निव्वळ खर्च होता. १९३५ मध्ये वाविलोव यांनी प्रतिकारशक्तीवरचे आपले विचार पुन्हा एका पुस्तकात मांडले. त्याच वर्षी कृषी विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद त्यांच्या हातून गेले. १९३८ मध्ये त्या जागी लायसेन्को बसले. १९३९ मध्ये एडिनबर्ग येथे आंतरराष्ट्रीय आनुवंशशास्त्र परिषद भरली. वाविलोव तिचे अध्यक्ष निवडले गेले होते, पण त्यांना देशाबाहेर जाऊ दिले नाही. मित्रांनी गप्प बसण्याचा सल्ला दिला तरी त्यांनी जाहीर सभांत आपले म्हणणे सोडले नाही.

तुरुंग, भूक आणि न्यूमोनिया

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये बियाणे गोळा करत असतानाच वाविलोव यांना अटक झाली. हेरगिरी आणि शेतीची नासधूस असे आरोप ठेवले गेले. अनेक महिने चौकशी चालली. ९ जुलै १९४१ रोजी काही मिनिटांच्या सुनावणीत त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्यावर कैद्यांना हलवले गेले आणि वाविलोव पोहोचले सारातोव्हला. ज्या शहरात ते प्राध्यापक होते, तिथल्या तुरुंगात ते मरणाची वाट पाहू लागले. कोठडीतल्या सोबत्यांना ते व्याख्याने देत. १९४२ मध्ये मृत्युदंड रद्द होऊन २० वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. पत्नी येलेना बारुलिना आणि मुलगा युरी युद्धामुळे सारातोव्हलाच येऊन राहिले होते. नवरा त्याच शहरातल्या तुरुंगात आहे याची पत्नीला कल्पना नव्हती.

२६ जानेवारी १९४३ रोजी तुरुंगाच्या दवाखान्यात वाविलोव यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. दाखल्यावर न्यूमोनियाची नोंद झाली. मूळ आजार भूक होता. दीर्घ उपासमारीत माणसाचे स्नायू झिजतात, अंगावर सूज येते. छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, संरक्षण करणाऱ्या टी पेशी कमी होतात, खोकून कफ बाहेर टाकण्याचीही ताकद उरत नाही. अशा शरीरात एरवी परतवता येणारा जंतूही प्राण घेतो. डॉक्टर कागदावर शेवटच्या संसर्गाचे नाव लिहितात. कुपोषित बालकांच्या वॉर्डात आजही हेच घडते. माणसाच्या प्रतिकारशक्तीची मुळे ताटातल्या अन्नात असतात आणि त्या अन्नाची मुळे पिकाच्या प्रतिकारशक्तीत.

त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांचे सहकारीही भुकेने मरत होते. जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा दिला होता. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शहरातील मुलांना, वृद्धांना आणि कार्यालयीन नोकरांना दिवसाला १२५ ग्रॅम भेसळीचा पाव मिळत होता. संस्थेच्या इमारतीत गहू, तांदूळ, डाळी, भुईमूग यांचे डबेच्या डबे भरलेले होते. कर्मचाऱ्यांनी ते उंदरांपासून, थंडीपासून आणि स्वतःच्या भुकेपासून जपले. भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर शुकिन टेबलाशी बसल्या जागी गेले. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इव्हानोव्ह गेले तेव्हा त्यांच्या ताब्यात तांदळाचे हजारो नमुने शाबूत होते. असे अनेक जण गेले. संग्रहाचा मोठा भाग वाचला.

पेशीच्या आतला पहारेकरी

१९५५ मध्ये वाविलोव यांच्यावरील शिक्षा रद्द झाली. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुढे टप्प्याटप्प्याने येत गेले. अमेरिकेतील हॅरोल्ड फ्लोर यांनी जवसावरच्या तांबेऱ्यात दाखवले की रोपाच्या प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असते. रोपाचे जनुक बुरशीच्या त्या खुणेला ओळखते आणि ओळख पटली तरच प्रतिकार होतो.

आज ही ओळख रेणूंच्या पातळीवर समजली आहे. पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राहक रेणू बुरशीच्या भिंतीतले कायटिन ओळखतात. वनस्पतीत कायटिन नसते, म्हणून ते दिसले की परका आल्याची सूचना मिळते. हुशार बुरशी मग पेशीच्या आत काही प्रथिने सोडून ही यंत्रणा बंद पाडू पाहते. त्यांच्यावर नजर ठेवायला पेशीच्या आत दुसरी फळी असते. एकदाणी गव्हातून मिळालेले एसआर ३५ हे जनुक २०१३ मध्ये वेगळे करून ओळखले गेले. ते युगांडात १९९८ मध्ये सापडलेल्या यूजी ९९ या घातक काळ्या तांबेऱ्याला रोखू शकते. या जनुकाचे प्रथिन बुरशीच्या प्रथिनाला पकडते. मग असे पाच रेणू एकत्र येऊन चक्रासारखी रचना करतात आणि पेशीत कॅल्शियम आत सोडणारा मार्ग उघडतो. त्या इशाऱ्यावर पेशी मरते आणि बुरशी उपाशी राहते. वॉर्ड यांनी १९०२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या घटनेमागची यंत्रणा ही अशी आहे. एकदाणी गहू सहसा बळी पडत नाही, या वाविलोव यांच्या नोंदीमागचे एक कारणही इथेच आहे.

बुरशीही स्वस्थ बसत नाही. ती आपली खूण बदलते आणि जुने जनुक निकामी होते. यूजी ९९ ने राय या धान्यातून गव्हात आणलेल्या एका जनुकाला असेच हरवले. हे जनुक जगातल्या अनेक वाणांत होते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू निर्माण होतात, त्यासारखाच हा प्रकार आहे. त्यावर उपायही सारखाच आहे. एकाच हत्यारावर विसंबायचे नाही. एका वाणात अनेक जनुके एकत्र आणायची आणि त्यासाठी नवी जनुके शोधत राहायचे. ती जनुके कारखान्यात तयार होत नाहीत. ती डोंगरउतारावरच्या जुन्या वाणांत, रानातल्या गवतांत आणि कुणीतरी जपून ठेवलेल्या बियाण्यांत असतात.

खपलीसारखा जुना गहू शेतकऱ्याने पेरत राहावा, बियाणे बँकांना पैसा आणि माणसे मिळत राहावीत, या गोष्टी भावनेच्या नाहीत. पुढच्या साथीत कोणता दाणा उपयोगी पडेल हे आज कुणालाही ठाऊक नसते. म्हणूनच वाविलोव सगळेच दाणे गोळा करत राहिले. संस्थेचे संग्रहालय आजही सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांच्याच नावाने चालते आणि तिथली बियाणी अजूनही ठराविक वर्षांनी पेरून ताजी ठेवली जातात.